उंदराचा एकविसावा दिवस आणि बाळाचा दुसरा महिना

हे प्रकरण सुरू झालं एका पुडीवरून. कागदाची पुडी, वर स्टेपलरची पिन, आपल्याकडे छोट्या गावात मेडिकलवाले अजून करून देतात तशीच. आमच्या कॉलेजातल्या एम. फार्म.च्या एका मुलीने ती डब्यातून काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, सर यात एनालाप्रिल आहे, किती आहे ते तुम्ही सांगा.

झालं असं की चोपडा तालुक्यात तिची आतेबहीण राहते, तिची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची, हृदयाच्या पडद्याला होल. नाशिकच्या डॉक्टरांनी ऑपरेशनपर्यंत एनालाप्रिल, हृदयाला आराम देणारं औषध, चालू ठेवायला सांगितलेलं, एका वेळी पाव मिलीग्रॅम. आता पाव मिलीग्रॅमची गोळी दुकानात मिळत नाही, मिळते ती अडीचची. मग मेडिकलवाले भाऊ काय करायचे, एक गोळी कुटायची, थोडी पिठीसाखर घालायची आणि नजरेच्या अंदाजाने दहा ढीग. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही, तो नसता तर आईनेच विळीवर गोळी कापली असती. पण पोरीने दहा पुड्या आणून एचपीएलसीवर, म्हणजे औषध नेमकं किती आहे ते मोजणाऱ्या मशीनवर, लावल्या आणि कुठे दीडपट, कुठे निम्मं. बाळ रोज वेगळाच डोस घेत होतं.

तर तिचा थिसिसचा विषय ठरला, लहान बाळांसाठी एनालाप्रिलचं पातळ औषध. आणि पातळ औषध करायचं म्हणजे सेफ्टी दाखवायची, सेफ्टी म्हणजे प्राण्यांवर, आणि लहान मुलांचं औषध म्हणजे लहान प्राणी, असं सरळ गणित. प्रोटोकॉलमध्ये तिने लिहिलं, विस्टार रॅट, वय २१ दिवस, २८ दिवस रोज तोंडावाटे डोस, शेवटी रक्त, लघवी, किडनीची स्लाइड. मी गाइड, मी वाचलं, मी सही केली. एकविसाव्या दिवशी पिल्लू आईपासून तोडतात, पन्नासेक ग्रॅमचं होतं, हातात नीट धरता येतं, गॅव्हाजची, म्हणजे तोंडातून थेट पोटात औषध सोडायची सुई घालता येते, सगळे तिथूनच सुरू करतात म्हणून आपणही. खरं सांगायचं तर यापलीकडे मी काही विचार केलेला नव्हता.

प्राण्यांवर काम करायचं तर कॉलेजची एथिक्स कमिटी लागते, तिच्यात व्हेटर्नरी डॉक्टर लागतात, बाहेरचे सदस्य लागतात, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या दिल्लीच्या ज्या समितीला आधी सीपीसीएसईए म्हणायचे आणि आता सीसीएसईए म्हणतात तिचा नॉमिनी लागतो. आमचे व्हेटर्नरी डॉक्टर म्हणजे रिटायर्ड सरकारी माणूस, सगळी नोकरी साक्री-पिंपळनेर भागात ठेलारी लोकांच्या मेंढ्यांमागे गेली. मीटिंगला कायम उशिरा येणार, येताना खिशात शेंगदाणे. त्या दिवशी प्रोटोकॉल चाळला आणि पोरीला एकच विचारलं, "बाळ कितला महिनानं शे?"

दोन महिन्यांचं, ती म्हणाली.

"आनि तुना उंदीर?"

एकवीस दिवसांचा. पोरगी जरा खुश होऊन म्हणाली, म्हणजे बाळापेक्षाही लहानच घेतलाय सर.

डॉक्टरसाहेब हसले नाहीत. शेंगदाणे बाजूला ठेवले आणि अर्धा तास बोलले, त्यातलं जेवढं डोक्यात राहिलं तेवढं मी माझ्या भाषेत मांडतो, मागाहून वाचलेलंही त्यात आलंय.

किडनी म्हणजे नेफ्रॉन नावाच्या बारीक गाळण्यांचा गठ्ठा. माणसाच्या एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास, पण माणसामाणसात फरक प्रचंड, कुणात दोन-तीन लाख तर कुणात वीस लाखाच्या वर. या गाळण्या बनायचं काम आईच्या पोटातच होतं, साधारण ३४ ते ३६ आठवड्यांना संपतं, आणि त्यातल्या सुमारे ६० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत बनतात. एकदा संपलं की संपलं, नंतर नवीन एकही येत नाही, आहे त्या मोठ्या होतात फक्त. म्हणजे नऊ महिने भरून जन्मलेल्या बाळाची गाळण्यांची मोजणी जन्मालाच फायनल, पण काम मात्र कच्चं. जन्माच्या वेळी गाळायचा वेग मोठ्या माणसाच्या तुलनेत पाचवा-सहावा हिस्सा, दोन आठवड्यांत साधारण दुप्पट, आणि मोठ्यांच्या पातळीला यायला वर्ष-दोन वर्षं. लघवी घट्ट करायची ताकद तर वर्षभर हळूहळू येत राहते.

म्हणजे दोन घड्याळं झाली. एक गाळण्या बनायचं, एक त्या कामाला लागायचं. आणि प्रत्येक जनावरात ही दोन्ही घड्याळं जन्माच्या मुहूर्ताला वेगळ्या ठिकाणी असतात, घोळ सगळा इथेच होतो. मेंढीचं कोकरू पोटातच किडनी पूर्ण करून येतं, गिनीपिगचं पण तसंच. कोकरू तासाभरात उभं राहतं आणि आईमागे चालायला लागतं, ते डॉक्टरसाहेबांनी हजार वेळा बघितलेलं, म्हणून त्यांना हा विषय पुस्तकातून शिकावा लागलाच नाही. कुत्र्याच्या पिल्लात गाळण्या जन्मानंतर साधारण दोन आठवडे बनत राहतात, डुकरात तीनेक आठवडे, सशात दोन-तीन आठवडे. आणि रॅट? रॅटचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या गाळण्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा तयार असतो. बाकी नव्वद टक्के बांधकाम बाहेर आल्यावर, आठव्या ते अकराव्या दिवसापर्यंत.

मराठीत माउस पण उंदीर आणि रॅट पण उंदीर, हा आमच्या धंद्यातला कायमचा ताप आहे. माउसमध्ये हेच काम तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास आटोपतं. एका थिसिसमध्ये माउसच्या पेपरातले दिवस उचलून रॅटला लावलेले मी स्वतः बघितलेत, भाषांतरात दोघंही उंदीर झाले की कळत नाही.

तर नुकता जन्मलेला रॅट हा नवजात बाळ नाही, तो वेळेआधी जन्मलेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ आहे. दहाव्या दिवसाच्या आसपास तो नऊ महिने भरलेल्या बाळाच्या जागी येतो. दहा ते एकवीस म्हणजे महिन्याभरापासून दोन वर्षांपर्यंतचं मूल असं ढोबळमानाने धरतात. आणि एकविसाव्या दिवशी, जिथे आम्ही सुरुवात करणार होतो, तिथे त्याची किडनी दोन वर्षांच्या, अंगणात पळणाऱ्या पोराची झालेली असते. दोन महिन्यांच्या बाळासाठी आम्ही दोन वर्षांच्या पोरावर टेस्ट करायला निघालो होतो, आणि रिपोर्ट शंभर टक्के "किडनी सेफ" असाच आला असता. चुकलेला प्रयोग बरा, निदान तो चुकलाय हे दिसतं, हा तर छान दिसला असता.

प्रोटोकॉल परत. मला राग आला होता हे कबूल करतो, सगळ्यांसमोर झालं म्हणून जास्त.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. म्हटलं ठीक आहे, चौथ्या दिवसापासून डोस देऊ, सगळंच कव्हर होईल. माझ्या डोक्यात नंदुरबारची बाळं होती, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली, दीड-पावणेदोन किलोची. कमी वजनाचा आणि किडनीचा संबंध नुसता ऐकीव नाही. २००३ च्या एका अभ्यासात जन्मवजनात एक किलोचा फरक म्हणजे एका किडनीत सुमारे अडीच लाख गाळण्यांचा फरक असं गणित निघालं होतं. त्याच वर्षी जर्मनीतल्या लोकांनी अपघातात गेलेल्यांच्या किडन्या मोजल्या, ब्लड प्रेशर असलेल्या दहांमध्ये गाळण्या साधारण सात लाख, नसलेल्या दहांमध्ये चौदा लाख. म्हणजे बांधकाम चालू असताना औषधाने वीट काढली तर त्याचा हिशोब चाळिशीत लागतो. हे सगळं वाचून मी एकदम पेटलो होतो, पण यात चोपड्याचं ते दोन महिन्यांचं, पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ कुठे होतं? नव्हतंच. ते माझ्या लक्षात यायला अजून दोन महिने जायचे होते.

कमिटीने सुदैवाने थेट डोसची परवानगी दिली नाही. म्हणाले आधी हात बसवा. औषध न देता थोड्या पिल्लांवर पायलट करा, १, ७, १४ आणि २१ व्या दिवसाची नॉर्मल किडनी कशी दिसते ते तरी बघा. मला वाटलं वेळ घालवतायत.

सातव्या दिवसाच्या स्लाइड आल्या आणि पोरगी धावत केबिनमध्ये. सर, कंट्रोलमध्येच, म्हणजे औषध न दिलेल्या पिल्लांतच, लिजन आहे, बिघाड आहे. मी बघितलं तर खरंच, किडनीच्या कडेने, सालीच्या लगेच खाली, गडद निळ्या पेशींचा पट्टा, त्यात स्वल्पविरामासारखे आणि एससारखे वळलेले आकार, गाळण्या बारक्या आणि पेशींनी ठासून भरलेल्या. मोठ्या माणसाच्या किडनीत असं दिसलं तर कोणीही डिस्प्लेझिया, म्हणजे चुकीची घडलेली किडनी, म्हणेल. आम्ही खाद्य तपासलं, पाणी तपासलं, भुश्शावर शंका घेतली, फॉर्मॅलिनवर घेतली. शेवटी स्लाइड घेऊन जळगावला एका पॅथॉलॉजिस्ट मित्राकडे गेलो. त्याने डोळा लावला आणि विचारलं कितव्या दिवसाचं? सातव्या म्हटल्यावर खुर्चीत मागे टेकून हसायला लागला. "अरे हे साइट चालू आहे. वाळू पडलीय, सळया बाहेर आहेत, तू म्हणतोस इमारत पडकी." ते स्वल्पविराम आणि एस म्हणजेच बनत असलेल्या गाळण्या. चौदाव्या दिवसाच्या स्लाइडवर तो निळा पट्टा गायब.

त्या दिवशी शेवभाजी त्याने खाऊ घातली, तिखट इतकं की दोघांच्या डोळ्यात पाणी, पण मी येताना गाडीत एकच विचार करत होतो. समजा आम्ही औषध दिलं असतं, सातव्या दिवशी किडनी काढली असती, आणि तुलनेला मोठ्या रॅटची जुनी स्लाइड घेतली असती, जी कपाटात पडलेलीच असते, तर आम्ही चक्क नॉर्मल वाढीला औषधाचा दुष्परिणाम म्हणून छापलं असतं. आणि उलटंही होतं. औषधाने पिल्लू सुस्त झालं, दूध कमी प्यायलं, वाढ मागे राहिली, तर चौदाव्या दिवशीही तो पट्टा थोडा शिल्लक दिसू शकतो. मग ते किडनीवरचं विष की नुसती उपासमार? त्याच वयाचं, तेवढ्याच पिल्लांच्या वेतातलं, तेवढंच हाताळलेलं कंट्रोल शेजारी नसेल तर सांगताच येत नाही. एका आईची दहा पिल्लं म्हणजे दहा नमुने नव्हेत हेही तेव्हाच नीट डोक्यात शिरलं, ती एकच आई, एकच दूध, हिशोबात वेत मोजायचं.

लघवीची तर वेगळीच कथा. दहा दिवसांच्या पिल्लाची लघवी गोळा करायला आमच्या बाईंनी मेटाबॉलिक केजमध्ये चार पिल्लं ठेवली, रात्रभर, सकाळी खालची बाटली कोरडी ठाक. मशीन खराब, मशीन खराब म्हणून आरडाओरडा. अॅनिमल हाऊसचे आप्पा, वीस वर्षं तिथे आहेत, ते म्हणाले ताई आईशिवाय ते मुतणार कसे. आणि शब्दशः खरं आहे ते. इतकी लहान पिल्लं स्वतःहून लघवी मोकळी करत नाहीत, आई चाटते तेव्हा होते, आणि ती आई ते पाणी पिऊन टाकते. १९८३ च्या सुमारास यावर काम झालंय, दूध पाजणारी आई पिल्लांच्या लघवीतून पाण्याचा आणि क्षाराचा चांगला वाटा परत मिळवते. म्हणजे आई आणि पिल्लं मिळून पाण्याचं एकच खातं, वेगळं काढून मोजताच येत नाही. मग ओल्या मऊ ब्रशने पोटाखाली हळूच चोळून थेंब घ्यायचे, आप्पांनीच शिकवलं. हातमोज्यांना आधी आईच्या पिंजऱ्यातला भुस्सा चोळायचा, नाहीतर ती परकी म्हणून पिल्लं टाकते, कधी कधी खातेही.

हे पाण्याचं खातं किती नाजूक आहे ते मेमध्ये कळलं. जळगाव-भुसावळचा मे ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको, ४५ म्हणजे बातमी पण नसते. अॅनिमल हाऊस २२ च्या आसपास, तीन डिग्री इकडे-तिकडे, एवढंच चालतं. एका रात्री वादळी वारं आलं, केळीच्या बागा झोपल्या, तारा पडल्या, आणि आमच्या जनरेटरमध्ये डिझेल संपलं. कुणाची चूक, तर माझीच धरा, रजिस्टरवर सही माझी असते. सकाळी आप्पा आले तेव्हा खोलीत ३६. दोन आयांच्या बाटल्या रिकाम्या, दूध पाजणारी मादी एरवीच्या मानाने कितीतरी जास्त पाणी पिते आणि त्या रात्री तर किती प्यायली असेल. त्या दोन वेतांतली बरीच पिल्लं गेली. जी राहिली त्यांच्या रक्तात युरिया वाढलेला, म्हणजे किडनी नीट गाळत नसल्याची खूण, कुणी काही औषध दिलेलं नसताना. आप्पा बराच वेळ पिंजऱ्यापाशी बसून होते, मग म्हणाले, सर, आईलेच पाणी नाही तर पिल्लाले कुठून.

कमिटीला लेखी कळवलं. डॉक्टरसाहेब बघायला आले, ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. जाताना एवढंच म्हणाले की ही पिल्लं एनालाप्रिलवर असती तर तुम्ही काय लिहिलं असतं याचा विचार करा.

तो विचार करायचा तर औषध काय करतं ते बघावं लागतं. इथे ठिबकवाल्यांच्या जिल्ह्यात समजावणं सोपं आहे. ठिबकच्या नळीचं शेवटचं टोक दुमडून बांधलेलं असतं म्हणून नळीत प्रेशर राहतं आणि ड्रिपरमधून पाणी पडतं. टोक सुटलं की पाणी सरळ पुढे निघून जातं, ड्रिपर कोरडे. गाळणीतही तसंच, रक्त आत आणणारी एक बारीक नळी, बाहेर नेणारी दुसरी, आणि बाहेरची नळी आवळून धरायचं काम अँजिओटेन्सिन करतं. एनालाप्रिल ते अँजिओटेन्सिन बनूच देत नाही. हृदयाला आराम मिळतो, म्हणून तर देतात, पण टोक मोकळं होतं. मोठ्या माणसाचं पाणी भरपूर असेल तर निभावतं. नव्या बाळाचं आधीच प्रेशर कमी, गाळणं बरंचसं त्या आवळण्यावर टिकलेलं, वरून जुलाब लागले किंवा उन्हाने कोरडं पडलं तर ड्रिपर बंद. आमच्याकडच्या बाळाला हे औषध द्यायचं म्हणजे मेमध्येही द्यायचं, हा मुद्दा परदेशी पेपरात कुणी कशाला लिहील.

हे झालं आजचं, आणि वाढीचं आणखी वेगळं. अँजिओटेन्सिन किडनी बांधायलाही लागतं. गरोदरपणाच्या शेवटच्या सहा महिन्यांत ही औषधं घेतली तर बाळाची किडनी बिघडते, बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, अमेरिकेच्या एफडीएने यावर १९९२ मध्येच ठळक इशारा छापायला लावला. आणि १९९४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गच्या मंडळींनी नेमकं आमच्या मनातलं करून ठेवलेलं, रॅटच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एनालाप्रिल. किडनीच्या मधला निमुळता भाग, पॅपिला म्हणतात तो, सुकला, नळ्या फुगल्या, आणि औषध थांबवून पिल्लं मोठी झाली तरी लघवी घट्ट होईना. हे नुकसान होतं ते वाढीच्या त्या खिडकीत दिलं तरच, मोठ्या रॅटला तसं होत नाही. हा पेपर मी दुसरा प्रोटोकॉल लिहिण्याआधी वाचायला हवा होता, वाचला तिसऱ्या मीटिंगच्या आदल्या रात्री.

तिसरी मीटिंग जूनमध्ये. मी जरा जोरातच मांडलं, की सर आता दहाव्या दिवसापासून सुरू करू, दोन महिन्यांच्या बाळाची किडनी तिथेच बसते, खिडकीचा शेवटही त्यात येतो. डॉक्टरसाहेब म्हणाले वय आता बरोबर आहे. मग म्हणाले, पण पॅपिला बिघडते हे तुला आजच माहिती आहे, मग साठ-सत्तर पिल्लं मारून तू मला काय नवीन सांगणार?

खोलीत कुणी बोललं नाही. बाहेरच्या नॉमिनी मॅडमनी तेव्हा आयसीएचची, म्हणजे देशोदेशीचे औषधांचे नियम जुळवणाऱ्या संस्थेची, एस११ ही गाइडलाइन काढली, २०२० ची, मुलांच्या औषधांसाठी लहान प्राण्यांवरचे अभ्यास कधी करायचे यावरचीच. तिचा सगळा रोख असा की आधी हातात असलेला पुरावा तोला, औषध कुणाला, कोणत्या वयात, किती दिवस, कोणता अवयव, आणि नवीन उत्तर मिळणार नसेल तर लहान प्राण्यांवरचा अभ्यास करू नका. एनालाप्रिल १९८०च्या दशकापासून बाजारात आहे. अमेरिकेत त्याच्या लेबलवर नवजात बाळांना आणि ज्यांच्या किडनीचा गाळायचा वेग मिनिटाला ३० मिलीच्या खाली आहे अशा मुलांना देऊ नका असं लिहिलेलंच आहे. मॅडम म्हणाल्या, बाटलीतलं औषध जुनंच आहे, नवीन काय आहे?

आणि पोरगी एकदम म्हणाली, प्रॉपिलीन ग्लायकॉल.

ते तिने प्रिझर्व्हेटिव्ह विरघळायला घातलेलं, सगळे घालतात. पण लहान बाळाचं शरीर ते लवकर बाहेर टाकू शकत नाही, यकृत कच्चं, किडनी कच्ची, ते साचतं. युरोपच्या औषध संस्थेने २०१७ मध्ये हद्द घालून दिली, महिन्याच्या आतल्या बाळाला किलोमागे रोज १ मिलीग्रॅम, महिना ते चार वर्षांपर्यंत ५०, पाच वर्षांपुढे ५००. एका महिन्याच्या फरकाने पन्नास पट. एचआयव्हीच्या एका पातळ औषधावर एफडीएने २०११ मध्ये नवजात बाळांसाठी इशारा दिला तोही यातल्या अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळेच. आणि भेसळीचा धोका वेगळाच, याच ग्लायकॉलच्या नात्यातलं डायइथिलीन ग्लायकॉल. १९३७ मध्ये अमेरिकेत त्याने शंभरावर माणसं गेली, १९८६ मध्ये मुंबईत जेजेला गेली, २०२५ मध्ये आपल्या शेजारी छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने लेकरं गेली, सगळीकडे किडनीच बंद पडली. तिसऱ्या मीटिंगपर्यंत आम्ही सगळे एनालाप्रिलकडे बघत होतो आणि बाटलीतल्या पाण्याकडे कुणाचं लक्षच नाही.

मग प्रश्न असा आला की ग्लायकॉलची सेफ्टी टेस्ट करायची का. डॉक्टरसाहेब म्हणाले टेस्ट कशाला, काढून टाक ना. आणि खरंच, एनालाप्रिल मॅलिएट पाण्यात पुरेसं विरघळतं, पाव मिलीग्रॅमला तर प्रश्नच नाही. प्रिझर्व्हेटिव्ह लागतो पाणी आहे म्हणून. पाणीच नको असेल तर? तसंही एनालाप्रिल पाण्यात फार टिकत नाही, त्याला आंबट, पीएच तीनच्या आसपासचं पाणी लागतं, फ्रिज लागला तर आणखी बरं, आणि चोपड्याच्या खेड्यात मेमध्ये फ्रिजचा भरवसा आमच्या जनरेटरएवढाच. शेवटी ती जिभेवर विरघळणाऱ्या, मोहरीपेक्षा जराशा मोठ्या मिनी-टॅब्लेटवर गेली, एकीत पाव मिलीग्रॅम. युरोपात अशीच पाव मिलीग्रॅमची गोळी २०२३ मध्ये मुलांसाठी मंजूर झालीय, तेव्हा आम्ही काही जग जिंकलं नाही, पण पुडीपेक्षा पन्नास पटीने बरं. वजनात आणि एकसारखेपणात सगळ्या गोळ्या पास. प्राणी एकही लागला नाही. पायलटमध्ये गेले तेवढेच, आणि ते मी विसरत नाही.

थिसिसमध्ये लहान प्राण्यांवरच्या अभ्यासाचं एक पूर्ण प्रकरण आहे, तो न करण्याचं. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांना ते झेपलं नाही, निगेटिव्ह डेटा तरी टाकायचा म्हणाले. पोरगी शांतपणे सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या स्लाइड स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावून उभी राहिली आणि विचारलं, सर यातली खराब कोणती? त्यांनी सातव्या दिवसाची दाखवली.

चोपड्याच्या बाळाचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, औषध नंतर डॉक्टरांनी बंद केलं. आमची गोळी तिला दिली नाही, कॉलेजात केलेली गोळी घरच्या लेकराला देता येत नाही, हे आतेबहिणीला समजावताना पोरीला बरंच ऐकून घ्यावं लागलं. तोवर तिने एवढं केलं की मेडिकलवाल्या भाऊंना वजनकाटा नेऊन दाखवला, आणि बाळाच्या आईला वहीत लिहून दिलं, जुलाब, उलटी, ताप किंवा दूध पिणं कमी झालं तर पुढचा डोस देण्याआधी नाशिकला फोन कर.

डॉक्टरसाहेबांनी जाता जाता कमिटीचा फॉर्म बदलून घेतला. आधी "प्राण्याचं वय" एवढाच एक रकाना होता. आता त्याच्या खाली दुसरा आहे, "हे वय कोणत्या वयाच्या मुलाच्या कोणत्या अवयवाशी जुळतं आणि का". परवा नव्या बॅचच्या एका मुलाने पहिल्या रकान्यात २१ दिवस लिहून आणलं, दुसऱ्यात "वरीलप्रमाणे".